आटणी

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुला नमस्कार, वहिनीला नमस्कार आणि तिच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. पाकीट उघडल्यावर माझं अक्षर कुठे गेलं म्हणून चष्मा पुसत बसू नकोस. पत्र कॉम्प्युटरवर टाइप केलंय आणि क्लासच्या प्रिंटरवर छापलंय. हल्ली माझं सगळंच कॉम्प्युटरवर चालतं, मग पत्राने काय घोडं मारलंय?

मागे फोनवर तू विचारलंस, "या वयात कसला क्लास लावलास?" आणि मी वहिनीच्या गुडघ्यांवर विषय नेला. तर आता सांगते. वस्तूंची ड्रॉइंग आणि मॉडेलं कॉम्प्युटरवर करायचा क्लास आहे. आमच्या कारखान्यात इतकी वर्षं नव्या वस्तूचा पहिला नमुना मी लाकडात करून द्यायची. किटलीची मूठ, टॉर्चचं अंग, डब्याचं झाकण. आता तो नमुना आधी पडद्यावर होतो आणि मग मशीन तो प्लॅस्टिकमध्ये छापून देतं. काळ बदललाय, आपणही बदलावं. घरी आणि कारखान्यात मी सगळ्यांना हेच सांगितलंय, म्हणून तुलाही आधी हेच सांगते.

वर्गातली सगळी पोरं माझ्या लेकीपेक्षा लहान. शिकवणाऱ्या बाईसुद्धा. मी त्यांना मास्तरीणबाई म्हणते आणि त्या मला काकू म्हणतात, म्हणजे फिटंफाट. पहिल्या दिवशी मी एक साधा ठोकळा काढला आणि माउसचं चाक जरा फिरवलं, तर ठोकळा गायब. सगळीकडे शोधला. मास्तरीणबाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही त्याच्या पोटात शिरलाय, बाहेर या." वर्ग खदाखदा हसला. मीही हसले. बाबांनी मला 'पटाशी' नाव ठेवलं ते काही उगाच नाही, लाकूड असो की ठोकळा, आत घुसल्याशिवाय राहवत नाही.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. रेष कशीही वेडीवाकडी ओढ, त्या प्रोग्रॅमला कळतं की हिला सरळ जायचंय, आणि तो ती सरळ करतो. माप देईपर्यंत रेष निळी असते, धरून ओढली की सरकते. सगळी मापं दिली की काळी होते. मग कितीही ओढा, जागची हलत नाही. माझी पहिली रेष काळी झाली तेव्हा मी माउस धरून ती हलवून हलवून पाहत होते. हलेना. दादा, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "काकू, स्क्रीनचा उजेड कमी करू का?" मी आपलं हो म्हटलं.

आता माझी फजिती ऐक. जोडीजोडीने एक डबा करायचा होता. डबा शेजारच्या मुलीने काढायचा आणि झाकण मी. मापं आधीच ठरलेली. दोन्ही भाग मशीनमधून छापून आले, सगळे भोवती जमले आणि मी मोठ्या ऐटीत झाकण लावलं. ते डब्यावर असं डुगडुगायला लागलं, जशी बाबांची टोपी तुझ्या डोक्यावर! मुलीचा चेहरा पडला. तिने डबा मोजला, बरोबर. झाकण मोजलं, तर सगळ्या बाजूंनी थोडं थोडं मोठं. मास्तरीणबाईंनी माझं ड्रॉइंग उघडलं आणि विचारात पडल्या. एखादं माप चुकलं तर समजू शकतं, पण इथे झाडून सगळी मापं सारख्याच हिशेबाने वाढलेली.

तुझ्या लक्षात आलं असेल. मी आटणी धरली होती!

बाबांचा शब्द मी त्या वर्गात मोठ्याने उच्चारला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग समजावून सांगितलं. आमचे वडील ओतकामाचे लाकडी नमुने करायचे. वितळलेला धातू थंड होताना आटतो, म्हणून नमुना आधीच तेवढा मोठा करायचा. त्या वाढीव मापाला ते आटणी म्हणत. त्यांच्याकडे वाढीव खुणांची वेगळी पट्टीच होती आणि माझा हात त्या पट्टीवर बसलाय. पुढे धातू गेला, प्लॅस्टिक आलं, पण बोटांना कोण सांगणार? आपल्या घरात तर सगळ्यालाच आटणी होती. आठवतं ना, तुला दोन मापं मोठे बूट घ्यायचे आणि पुढे कापूस कोंबायचे? पाहुणे दोघे येणार असले तर भात सहांचा?

मास्तरीणबाई पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "काकू, साच्याची वाढ साचा करणारे धरतील. ते त्यांचं काम. तुम्ही आधीच भीती घालून काढू नका. वस्तू आहे तशी, खऱ्या मापात काढा."

त्या सहज बोलून गेल्या. पण मी त्या डुगडुगत्या झाकणावर हात ठेवून बसले, आणि दादा, ते झाकण माझ्या हाताखाली वाजायला लागलं. टिकटिकटिक. माझा हात थरथरत होता.

आता लपवून उपयोग नाही. मी क्लास काळ बदलला म्हणून लावला नाही. पटाशी धरली की हात थरथरायचा, म्हणून लावला. पहिल्यांदा एका मुठीवर ओरखडा गेला तेव्हा मी दिव्याला दोष दिला. मग पटाशीच्या धारेला. मग एकदा नाव लिहिताना अक्षर फिसकटलं आणि पेनाला दोष देताना माझी मलाच लाज वाटली. माउस धरून खुर्चीत बसलेल्या बाईचा हात कोण बघतंय, एवढाच हिशेब केला होता. तुला बाबांच्या थरथरत्या हातांचं वेगळं सांगायला नको. त्यांना शेवटी भरवायचास तू. म्हणून तुलाच सांगायची हिंमत होत नव्हती. मी रोज मनातल्या मनात तो आजार पुढपर्यंत वाढवून बघायची: चमचा, बटणं, खुर्ची, अंथरूण. सगळं मोठं मोठं करून. आटणी धरून!

"खऱ्या मापात काढा." ते वाक्य डोक्यातून जाईना. शेवटी मी यांना सांगितलं. तर हे म्हणाले, "मला माहीत आहे." कधीपासून? "तुला अर्धा कप चहा द्यायला लागलो तेव्हापासून." आणि मी इतके दिवस समजत होते, माणूस दुधाची काटकसर करतोय!

दोघं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी मला हात मांडीवर ठेवून नुसतं बसायला लावलं. मग हात पुढे धरायला लावले, एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतायला लावलं, कागदावर गोगलगाईसारखं वेटोळं काढायला लावलं. वेटोळं काय निघालं ते विचारू नकोस. मी म्हटलं, "वडिलांना होतं." त्यांनी विचारलं, "त्यांचा हात कधी हलायचा? काम करताना की स्वस्थ बसल्यावर?"

दादा, मी डोळे मिटले आणि मला बाबा दिसले. हात मांडीवर, तो हलतोय, त्यांना पत्ताच नाही. आणि मग ते पटाशी उचलायचे आणि हात शांत. पहिली पहिली वर्षं तरी. आठवतं तुला? आपण म्हणायचो, बाबांना काम द्या म्हणजे बरे होतील.

"आणि तुमचा?" डॉक्टर म्हणाले.

माझं नेमकं उलटं आहे. बसले की हात गप्प, काही धरलं की थरथर. डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासलं, मनगट वाकवून पाहिलं, मला चालवून पाहिलं. म्हणाले, "तुमच्या वडिलांचा आजार हा नाही. हा वेगळा कंप आहे, पुष्कळांना असतो. गोळीने बराच आवाक्यात येईल. पूर्ण जाईलच असं सांगत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच मोठ्याने हसले आणि मग रडले, आणि हे बिचारे एका हाताने माझी पर्स आणि दुसऱ्या हाताने मला सांभाळत उभे. घरी आल्यावर यांनी माझा कप काठोकाठ भरला. मी अर्धा बशीत सांडला. बशीतला यांनी प्यायला.

गोळी सुरू आहे. थोडा फरक वाटतो. पटाशी मी अजून धरलेली नाही, आणि खरं सांगायचं तर नाजूक काम आता पडद्यावरच करीन. झाकण मी पुन्हा काढलं. या वेळी ते डब्यावर असं बसलं, की शेजारच्या मुलीला ते उघडायला नख लावावं लागलं.

एक शेवटचं. वहिनी मला म्हणाली, की तू पेपर वाचता वाचता थांबतोस आणि मांडीवरच्या डाव्या हाताकडे बघत बसतोस. हलत नाही, तरी बघतोस. तिला वाटतं तुला झोप आली असेल. मला माहीत आहे तुला काय वाटतं. दादा, एकदा जाऊन दाखवून ये. जे असेल ते असेल, पण असेल तेवढंच असेल. एकटा जाऊ नकोस. मी येते, पर्स यांच्याकडे देऊ.

पत्र छापलेलं असलं तरी खालची सही पेनाने केली आहे, आणि एकदाच केली आहे. 'प'चं पोट फुटलंय आणि 'शी' वरच्या ओळीत निघून गेलीय. बघून घाबरू नकोस. एवढंच आहे, याहून जास्त नाही.

खऱ्या मापातली, तुझीच
पटाशी