बाजारातली आपली जागा

प्रिय रविंद्र,

प्रभूमध्ये आईचा सलाम. फोन सोडून आई पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. पण फोन दिवसभर पप्पांच्या उशाशी असतो, आणि मी अंगणात बोलले तरी त्यांना आत ऐकू जातं. आत्ता दुपारचा त्यांचा डोळा लागलाय. हळद शिजवायच्या कामावरून मी आज लवकर आले. अंग असं ठणकतंय की भांडी मोरीत तशीच ठेवली आणि आधी हे लिहायला घेतलं.

पप्पा बाजारात पाय घसरून पडले, असं त्यांनी तुला सांगितलं. पाय घसरला नव्हता, बाळा.

वसमतच्या बाजारात आपली जागा तुला माहीत आहे, मिरचीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला, लिंबाखाली. तू लहान असताना तिथेच मिरचीवाल्या गोजरबाईच्या रिकाम्या पोत्यावर झोपायचास. त्या दिवशीही नेहमीसारखंच चाललं होतं. मी खंजिरी वाजवली, एक गाणं झालं, मग येशूचं सांगायला पप्पांनी भोंगा तोंडाला लावला. तेवढ्यात चार-पाच पोरं गाड्यांवरून आली. एक म्हणाला, "कोणाला बाटवून राहिलास रे म्हाताऱ्या?" पप्पा म्हणाले, "कोणाला न्हाई बाबा. ऐकावं वाटलं तर ऐका, न्हाई तर जावा." त्यांनी भोंगा ओढला, पप्पांनी सोडला नाही. त्या ओढाताणीत एकाचा धक्का लागला आणि पप्पा नालीच्या कडेवर आदळले. ज्याचा धक्का लागला त्याचंच तोंड उतरलं. तो खाली वाकून म्हणाला, "काका, लागलं का?" बाकीच्यांनी त्याला दंडाला धरून ओढत नेलं. भोंगाही गेला.

चौकीवर गेलो, तर पोलिसांनी आम्हाला बसवून चहा पाजला. "काका, वय झालं आता," म्हणाले. "घरी प्रार्थना करा, कोण न्हाई म्हणतं? तुमालाबी तकलीफ, आमालाबी तकलीफ." पप्पांनी हात जोडले आणि आम्ही घरी आलो.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत आहे, मुका मार आहे. काठी घेऊन चालता येतं. पण गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज आला की पप्पा उठून आतल्या खोलीत जातात. मध्ये एका बाजाराला धुतलेला सदरा घातला, पवित्र शास्त्राची पिशवी खांद्याला लावली आणि निघाले. मी चूल सारवत होते. ती सारवून व्हायच्या आत परत आले. "ऊन लई हाय," म्हणाले. थंडी सरलीसुद्धा नव्हती तेव्हा.

अशात तुझं ते भाषण मोबाइलवर आलं. तू चांगलं बोललास, रवी. मोठ्या मंडपात, इतक्या लोकांसमोर, न अडखळता. ख्रिस्ताची मंडळी चार भिंतींत लपून बसलीय, चौकात उभं राहायला छाती लागते, असं तू म्हणालास आणि लोकांनी केवढ्या जोरात आमेन म्हटलं! पप्पांनी ते पुन्हा पुन्हा लावलं. मग फोन उपडा ठेवला. "पोरगा बराबर बोलून राहिला," एवढंच म्हणाले आणि भाकरी तशीच ताटात राहिली. तू त्यांना बोलला नव्हतास, हे मला कळतं. पण त्यांना ते लागलं.

गेल्या बाजाराला मी एकटीच भाजीला गेले. खरं सांगू, त्या रांगेकडे जायचं मनात नव्हतं. गोजरबाईनेच लांबून हाक मारली. "अगं शिवकन्या, येशूवाले मामा काहून येईना झाले?" मी सांगितलं, बरे आहेत, पण येत नाहीत. ती म्हणाली, "त्यांचं समदं मला पटतंय असं न्हाई. माझा देव हाय माझ्या घरी. पण माणूस जीव तोडून बोलायचा, माझा दिस निघून जायचा. आता नुस्ती मिरची इकायची." मग सरकून पोत्यावर जागा केली. "आज तूच सांग की. एवढी वर्सं बाजूला हुबी ऱ्हायलीस, तुला ठाव असंलच."

तुला माहीत आहे, मी कधी चार माणसांत तोंड उघडलेलं नाही. हसून निघून यावं असं वाटलं. पण पाय इतके थकले होते, की आधी बसले. पप्पांसारखं पापाचं, तारणाचं मला सांगता येत नाही. म्हणून मी कोमलबद्दल बोलले. तुझ्या आधीची आपली कोमल तापाने गेली, तेव्हा मी उपासनेला जाणं सोडलं होतं, देवाचं नाव काढलं की मला चीड यायची. मग तुझ्या पप्पांनी मला एकदा वाचून दाखवलं, की येशूचा मित्र मेला तेव्हा येशू त्याच्या गावी गेला आणि रडला. त्याला उठवायचंच होतं, हे माहीत असून आधी रडला. मी गोजरबाईला म्हटलं, "मला तोच देव पाहिजे होता. माझ्याबरोबर रडला, म्हणून मी त्याच्यापाशी ऱ्हायले."

गोजरबाईच्या तागडीत मिरची तशीच राहिली. तिचीही लेक बाळंतपणात गेलेली. मिरची घ्यायला आलेल्या दोघी बायका उभ्या होत्या. त्यातली एक पदराने डोळे पुसत म्हणाली, "पुढं काय झालं, बाई?" मी तो मित्र कसा उठला ते सांगितलं. हवालदार तिथून गेला. त्याने आमच्याकडे पाहिलं, त्याला चार बाया गप्पा मारताना दिसल्या. कोणी आमेन म्हटलं नाही. बायका मिरची घेऊन गेल्या आणि मी घरी आले.

पप्पांना सांगितलं. ते काठी टेकून उठून बसले. मग विचारलं, "आवाज थरथरला का?"

"व्हय," म्हटलं.

"माझाबी थरथरायचा," ते म्हणाले. "दर बाजाराला. पहिलं गाणं संपूच नये वाटायचं. तुला कळू दिलं न्हाई."

इतकी वर्षं मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी होते, रवी. मला वाटायचं, मी भित्री आणि हे वाघ.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. ईस्टरच्या सुट्टीत तू पुण्याच्या प्रचारकांच्या प्रशिक्षणातली वीस-पंचवीस पोरं गाडी करून आणतोयस, मोठा स्पीकर आणि कॅमेरा घेऊन पप्पांच्याच जागेवर उभे राहणार आहात, असं तू त्यांना फोनवर सांगितलंस. ते "ये, ये" म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. गाडी आणू नकोस, बाळा. दोन तास बोलून तुम्ही पुण्याला परत जाल. आम्हाला पुढच्या बाजारालाही तिथेच जायचं असतं, त्याच माणसांत. गोजरबाईलाही तिथेच बसायचं असतं. तू एकटा ये, एसटीने ये. त्यांना धीर धरा असं काही सांगू नकोस. काल ते आपण होऊन म्हणाले, "येत्या बाजाराला जाऊ का गं?" आणि गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. तिथून पुढे त्यांचं ओझं मला एकटीला पेलत नाही, माझीही कंबर गेली आहे. एका बाजूने मी धरते. दुसऱ्या बाजूने तू धर.

तुझीच,
आई