आभाराच्या ओळीत

ता. ९ फेब्रुवारी

चि. खारूस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हो मामा, नाही मामा यापलीकडे जात नाहीस, म्हणून हा पत्राचा उद्योग. शिवाय आजची बातमीच अशी आहे की ती कागदावर शोभते. तुझा मामा लेखक झाला! आयुष्यभर आरोग्य खात्यातल्या फायलींवर शेरे मारलेला माणूस थेट परदेशातल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सकाळी संचालकांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि सगळ्यांदेखत पाठ थोपटली. मला काही उमगेना, तेव्हा त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. न्यूमोनियाच्या मुलांना पाच दिवसांऐवजी दोनच दिवस वॉर्डात ठेवावं, उरलेलं औषध घरी द्यावं, काही बिघडत नाही, असा तुमच्या वॉर्डातल्या अभ्यासाचा लेख. तुमच्या परदेशातल्या प्रोफेसरांचं नाव शेवटी आणि माझं बरोब्बर मधोमध, सँडविचमधल्या काकडीसारखं.

या अभ्यासाला परवानगी द्यायची फाइल माझ्या टेबलावर आली, मी सही केली आणि प्रोफेसरांबरोबर एकदा जेवलो, एवढाच माझा पराक्रम. तेवढ्यावर लेखक होता येतं हे माहीत असतं, तर आणखी दोन घास जेवलो असतो.

घरी येऊन ऐटीत सांगितलं, तर तुझी मामी म्हणाली की ते काम खारूचं ना? त्या कामापायी पोरगी तीन वर्षं आपल्याकडे फिरकली नाही. मग मी सगळी नावं पुन्हा वाचली. तुझं सापडेना. माझा चष्मा जुना झाला आहे. कुठल्या पानावर आहेस ते कळव, म्हणजे त्या पानाची फ्रेम करतो.

ताईला नमस्कार. माझी माया पाकिटात मावत नाही, तरी कोंबली आहे.

तुझा,
मामा

ता. १८ फेब्रुवारी

ती. मामास,
खारूचा सा. न. वि. वि.

तुमचा चष्मा ठीक आहे. अगदी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, वॉर्डातील कर्मचाऱ्यांचे आभार मानले आहेत. मी त्यात आहे. सगळ्या नर्स आहेत, फरशी पुसणाऱ्या मावशी आहेत आणि आमच्या सिस्टरांच्या म्हणण्याप्रमाणे लिफ्टमनही आहे. त्या हसत सांगत होत्या, पण मला पाहून चादरी बदलायला लागल्या.

हे तुम्हाला सांगणार नव्हते. पण आता तुमचंच नाव वर आहे, म्हणून सांगते.

अर्धी मुलं पाच दिवस ठेवायची, अर्धी दोन दिवसांत घरी पाठवायची आणि पंधरा दिवसांनी सगळ्यांना पुन्हा तपासायचं, असं ठरलं होतं. काही मुलं परत आलीच नाहीत. प्रोफेसरांनी ती सोडून द्यायला सांगितली. मला आणि सिस्टरांना राहवेना. सुटीच्या दिवशी आम्ही पत्ते शोधत फिरलो. गोदामामागच्या खोल्या, बांधकामावरचे पत्र्याचे आडोसे, असं करत बहुतेक सगळी सापडली. लवकर घरी गेलेल्यांपैकी सात मुलं दगावली होती. वॉर्डात राहिलेल्यांपैकी एक.

मी हे प्रोफेसरांना कळवलं. ते फोनवर फार मायेने बोलले. ठरलेल्या मुदतीनंतर कळलेली गोष्ट मोजता येत नाही, शास्त्राला शिस्त असते, म्हणाले. मी म्हटलं, मोजू नका, पण काय आढळलं ते निदान लिहा. विचार करतो म्हणाले. त्यानंतर मला लेखाचा मसुदा येणं बंद झालं. छापलेल्या लेखात ती मुलं न सापडलेली म्हणूनसुद्धा नाहीत. मुळातली मुलांची संख्याच कमी करून टाकली आहे. जणू ती आमच्याकडे कधी आलीच नव्हती.

जिथे अभ्यास झाला तिथलं किमान एक नाव असायलाच हवं, असा त्या नियतकालिकाचा नियम आहे. ती जागा माझी होती. तुम्हाला दोष देत नाही, मामा. आईला मात्र यातलं काही बोलू नका. तिला वाटतं, लेख अजून यायचा आहे.

मामींना नमस्कार. राग न मानता पूर्वीसारखंच लिहीत राहा.

तुमची,
खारू

ता. २७ फेब्रुवारी

चि. खारूस,
आशीर्वाद.

मी तुझं पत्र वाचलं. मामीने वाचलं. ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, जसं काही मी तुझ्या ताटातलं उचलून खाल्लं.

माझं नाव कसं चिकटलं याचा छडा लावला. नियतकालिकाकडून ईमेल आली होती, लेख वाचला असून मान्य आहे का अशी. माझ्या कार्यालयातला सहायक अतिशय तत्पर. माझ्या नावाने येणारं सगळं तोच मार्गी लावतो. त्याने मान्य हे बटण दाबलं आणि बैठकीची ईमेल उघडली. विचारलं तर म्हणाला, साहेब, तुम्ही आजवर कुठल्या गोष्टीला अमान्य म्हटलंय?

मग प्रोफेसरांना फोन लावला. माणूस गोड आहे, हे खरंच. मी रागावलोय हेच त्यांच्या पचनी पडेना. तू फार भावनेच्या आहारी गेली होतीस आणि लेखावर सही करणार नाहीस असं दिसत होतं, म्हणून त्यांनी मार्ग काढला म्हणे. भाचीऐवजी मामा, म्हणजे नाव घरातच राहिलं, तुम्हा दोघांना आनंदच होईल असं त्यांना वाटलं. खारू, त्यांनी हे मुद्दाम टोचायला म्हटलं असतं तर मला भांडता आलं असतं. ते मनापासून म्हणत होते.

मी संपादकांना पत्र पाठवलं आहे. माझं नाव काढा, तुझं घाला आणि त्या मुलांचं काय झालं ते छापा. तुझी मूळ टिपणं मला पाठव, म्हणजे जोडतो. इतकी वर्षं खुर्ची उबवली, तिचा कधीतरी उपयोग होऊ दे.

धीर सोडू नकोस. आम्ही दोघं तुझ्या पाठीशी आहोत.

तुझा,
मामा

ता. १४ मे

ती. मामास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. टिपणं पाठवता येत नाहीत. नोकरीवर रुजू होताना आम्ही सगळ्यांनी सही केली होती की अभ्यासातलं सारं प्रोफेसरांच्या विद्यापीठाच्या मालकीचं. आमच्या मुख्य डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. बाहेर एक ओळ गेली तरी माझी डॉक्टरकीची नोंदणी जाईल, आणि सिस्टरांची पेन्शन. मला एकटीला काही झालं असतं तर बघितलं असतं.

गेल्या आठवड्यात सरकारी संशोधन केंद्रातल्या जागेसाठी मुलाखत झाली. समितीने पहिलाच प्रश्न विचारला की छापलेलं काय आहे. मी म्हटलं, काही नाही. मग त्यातल्या एक बाई म्हणाल्या, हल्ली आपल्याकडेही उत्तम काम होतं, आणि त्यांनी तुमचा लेख पुढे केला. मुलं कशी निवडली, डोस कसा ठरवला, सगळं विचारलं. मी धडाधड सांगत गेले. त्या इतक्या खूश झाल्या! म्हणाल्या, इतकं बारकाईने वाचणारी मुलगी पहिल्यांदाच पाहिली, आता असं काहीतरी स्वतः करून दाखव. मी थँक यू म्हटलं, मामा. जागा कोणा दुसऱ्याला मिळाली.

आणि काल तो आदेश वॉर्डात लागला. न्यूमोनियाचं मूल दोन दिवसांत घरी. खाली आधार म्हणून तुमचा लेख. तुमच्या खात्याचाच आदेश आहे, तुम्हाला थांबवता येईल का हो?

मामींना सांगा, मी जेवते आहे. त्या आदेशाकडे तेवढं लक्ष असू द्या.

तुमची,
खारू

ता. ६ ऑगस्ट

चि. खारूस,
आशीर्वाद.

लिहायला बसतो आणि उठतो, असं चाललं होतं.

आदेशाविरुद्ध बैठकीत बोललो. लेख अर्धवट आहे म्हटलं. संचालकांनी शांतपणे तो लेख उघडून लेखकांची नावं मोठ्याने वाचली. माझ्या नावाशी थांबले. सगळे हसले, मीही ओशाळं हसलो. मग त्यांनी पुरावा मागितला. तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. ते घेतलं असतं तर तुझी नोंदणी गेली असती आणि आदेश जागच्या जागी राहिला असता. मी खाली बसलो. बरोबर केलं का, हे मला आजही कळत नाही.

नियतकालिकाचं उत्तरही आलं. लेखकांमधले वाद त्यांनी त्यांच्या संस्थेत मिटवावेत. विद्यापीठाने चौकशी केली आणि पद्धत आधी ठरल्याप्रमाणेच होती असं कळवलं. नाव काढायचं तर बाकीच्या सगळ्या लेखकांची संमती हवी, आणि त्यातले निम्मे उत्तरच देत नाहीत. मी पाठपुरावा सोडला नाही, तेव्हा अखेर त्यांनी दुरुस्ती छापली. माझ्या नावात एक अक्षर चुकलं होतं, ते सुधारलं.

मला प्रशिक्षण विभागात हलवलं आहे. निवृत्तीपर्यंत तिथेच. खिडकीबाहेर भिंत आहे.

ताईपुढे तू हसतेस असं ती मामीला सांगत होती. माझ्यापुढे हसू नकोस, एवढंच मागतो.

तुझा,
मामा

ता. २ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून सिस्टर म्हणाल्या की बैठकीत खाली बसलात ते बरंच केलंत. मीही तेच म्हणते. मनाला लावून घेऊ नका.

आदेशानंतर सुरुवातीला मी कागदावर आजाराचं नाव बदलून काही मुलं थांबवून ठेवत होते. लक्षात आल्यावर मुख्य डॉक्टरांनी समज दिली. मग एक दीड वर्षांची मुलगी आली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण श्वास मला आवडत नव्हता. तिच्या वडिलांनी दोनदा विचारलं की नक्की न्यायची ना. मी हो म्हटलं आणि सोमवारी दाखवायला बोलावलं. सोमवार गेला. ते गवंडी आहेत. मी पत्त्यावर गेले, तर ते काम करत होते ती इमारत पुरी झालेली. पडदेसुद्धा लागले होते. कामगार कुठे गेले ते कोणालाच माहीत नाही. ती खेळत असेल. असूही शकेल ना?

परवा खात्याचं पथक वॉर्ड बघायला आलं. निम्म्याहून जास्त पलंग रिकामे, चादरी ताणून घातलेल्या. त्यांना फार आवडलं. ही योजना सगळ्यांत उत्तम आमच्याकडे राबवली म्हणे. वॉर्ड कोण सांभाळतं असं विचारून त्यांनी मला त्या पलंगांच्या रांगेत उभं केलं, थोडं हसायला सांगितलं आणि फोटो काढला. तो खात्याच्या मासिकात आला आहे. खाली माझं नाव आणि पदवी, एकही अक्षर न चुकता.

आईने तो कागद कापून आरशाच्या कडेला खोचला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. रोज सकाळी मी त्याच्याशेजारी केस विंचरते.

मामींना नमस्कार. एकदा येऊन जा, मामा. काही करायला नको, नुसते येऊन बसा.

तुमची,
खारू