एक निरोगी दाढ

प्रिय मिरेय,

रविवारी तू फोन आपटलास आणि त्यानंतर पाच दिवस उचलला नाहीस, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. उद्या रेमी बाबांच्या बोटीचं इंजिन बघायला येईल, तेव्हा त्याच्या हाती देईन. बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

फोन ठेवण्याआधी तू दोन गोष्टी बोललीस. पहिली, "तुला काय कळणार दातदुखी, आई? सत्तरी उलटली तरी तुझी बत्तिशी जाहिरातीतल्यासारखी आहे." दुसरी, "बाळ झालं की काढूनच टाकते. एका दाढेचं काय एवढं?" पहिलीचा मला राग आला नाही. दुसरी मात्र कपडे वाळत घालताना, चर्चमध्ये मिस्सेला गुडघे टेकताना, सारखी कानात वाजत राहिली.

रेमीला दोष देऊ नकोस, नवऱ्याला काळजी वाटणारच. मी खोदून विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की गाल सुजलाय, तू एकाच बाजूने चावतेस आणि खणातल्या आयब्युप्रोफेनच्या गोळ्या दिवसाला तीन-तीन घेतेस. दाताच्या डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणतेस, भुलीचं इंजेक्शन आणि एक्स-रे बाळाला बाधेल. शिवाय फिलोमेन आत्या आहेतच. प्रत्येक पोर आईचा एक दात नेतं, हे त्या मी पोटुशी असल्यापासून सांगताहेत. त्यांना सहा मुलं आणि तोंडात एकही दात नाही, त्यामुळे त्यांचा हिशेब त्यांच्याकडेही जुळत नाही.

बुधवारी मी बसने माँक्टनला आले. तुझ्या दारावरून गेले, आत आले नाही. जोझेत कॉर्मिये आठवते? माझी विद्यार्थिनी, तुझ्यापुढे दोन वर्षं होती, भूमितीत कच्ची, पण वर्तुळ काढताना हात हलायचा नाही. तिचा आता दातांचा दवाखाना आहे. मी प्रश्न कागदावर लिहून नेले होते. ते बघून ती म्हणाली, "बाई, तोंडी परीक्षा माझी आहे का?" मी म्हटलं, हो.

तिने सगळी उत्तरं दिली. गरोदरपणात रूट कॅनाल करता येतं, आणि तुझा बाविसावा आठवडा म्हणजे त्यासाठी सोयीचा काळ. पुढे पोट वाढलं की तासभर उताणं पडून राहणं जड जातं. आतासुद्धा ती तुला जराशी डाव्या कुशीवर कलवून बसवेल. भूल फक्त त्या जागेपुरती, आणि गरोदर बायकांना ती कितीतरी वर्षं देत आले आहेत. एक्स-रे एकाच दाढेचा, अंगावर जड एप्रन घालून, त्याची मात्रा अगदी थोडी. अँटिबायोटिक गोळ्या लागल्याच तर बाळाला चालतील अशा देता येतात, आणि ती आधी तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांशी बोलेल. एवढं सांगेपर्यंत ती हसत होती. मी तुझ्या आयब्युप्रोफेनच्या गोळ्यांचं सांगितलं तेव्हा हसू गेलं. "बाई, मला त्या इंजेक्शनची भीती नाही, त्या गोळ्यांची आहे. विसाव्या आठवड्यानंतर त्या घेऊच नयेत. आणि गाल सुजलाय म्हणजे जंतू वाट बघत बसणार नाहीत." तेव्हा त्या गोळ्या आजच बंद कर. दुखलं तर काय घ्यायचं ते तिने लिहून दिलं आहे. ताप आला, सूज वाढली किंवा गिळायला त्रास झाला, तर कोणत्याही तारखेची वाट न बघता थेट हॉस्पिटलात जा.

आता पहिल्या गोष्टीबद्दल. लहानपणी तू विचारायचीस, आई न्हाणीघराला आतून कडी का लावते. मी सफरचंदाच्या पातळ फोडी करून खायचे, मक्याच्या कणसाचे दाणे सुरीने काढून घ्यायचे, आणि एकाही फोटोत हसले नाही. तुला वाटायचं, आई शिस्तीची. निम्मी शिस्त होती. निम्मी भीती होती, वरची कवळी सुटेल याची.

हो, कवळी. वरची आणि खालची, दोन्ही.

त्या काळी आमच्या किनाऱ्यावर मुलीचं लग्न ठरलं की वडील तिचे सगळे दात काढून घेत आणि नवी कवळी करून देत. ताटवाट्या, चादरी, तशीच तीही भेट. मुलगी सासरी दाताचं दुखणं घेऊन जात नाही, असं तुझे आजोबा अभिमानाने सांगत. मी बावीस वर्षांची होते, शिक्षिकांच्या कॉलेजातून नुकती पास होऊन आलेली. मुलांना शरीरशास्त्र शिकवत होते, आणि खुर्चीत जाऊन बसले, तोंड उघडलं. कोणी जबरदस्ती केली नाही. सगळ्याच बसत होत्या. एक दाढ मी मागून घेतली. डॉक्टरांनी ती धुऊन कागदात बांधताना सहज म्हटलं, "हिला काहीच झालं नव्हतं, पोरी." लग्नाआधी तुझ्या बाबांनी मला विचारलं होतं, दुखतं का. मी नाही म्हटलं. त्या विषयावर आम्ही पन्नास वर्षांत तेवढंच बोललो.

मी सुखात जगले, मिरेय. चांगलं काम केलं, चांगला माणूस मिळाला, तू झालीस. रडगाणं गाण्यासाठी हे सांगत नाही. तुझे बाबा आत्ता समोर बसून बटाटे सोलताहेत. तुला सांगतेय म्हटल्यावर ते म्हणाले, "बरं झालं. आता कणीस तरी मोकळेपणी सुरीने काप." पण तू "काढूनच टाकते" म्हणालीस तेव्हा तुझ्या तोंडून मला माझाच आवाज ऐकू आला. एवढी शिकलेली मी, त्या दिवशी एकच प्रश्न विचारायचा होता: हे करायलाच हवं का? तो विचारायला मला पन्नास वर्षं लागली, आणि बुधवारी मी तो तुझ्यासाठी विचारला. तुझी वेळ मंगळवारी दहाची घेतली आहे. जायचं नसेल तर जोझेतला स्वतः फोन कर आणि कारण सांग. कारण मात्र आत्यांचं नको, तुझं हवं.

कडी न लावता, तुझीच,
आई

शनिवारी सकाळी रेमीच्या हाती दिलेल्या वस्तू:
जोझेतने लिहिलेली उत्तरं, दोन पानं, खाली तिची सही.
मंगळवारच्या वेळेचं कार्ड.
कोंबडीचा बटाटे घातलेला रस्सा, मोठा डबा. कोंबडी बारीक केली आहे, चावावी लागणार नाही.
आगपेटीत कापसात ठेवलेली माझी उजवीकडची खालची दाढ. उजेडात धरून नीट बघ. कुठेही कीड नाही.