गोठलेल्या हिरवळीवरची पावले

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. आज सकाळपासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत, एवढेच. याआधीचे मृत्युपत्र, विशेषतः त्यातले ‘धाकट्या भावाला फुटक्या नळाखेरीज काहीही देऊ नये’ हे कलम, रद्द समजावे.

१. घर आणि शिलाई मशीन लेकीला. पुढची हिरवळ काढून तिथे फरशी घालावी आणि गाडी लावावी, असा जावईबापूंचा विचार आहे. तो त्यांनी मनातच ठेवावा.

२. जुन्या चादरींचे मी शिवलेले बावीस झगे झाडांच्या मालकीचे आहेत. थंडीत ते ऊन उतरण्याआधी चढवावेत आणि सकाळी ऊन आल्यावर काढावेत. कडाक्याची थंडी येणार असेल तर दुपारीच मुळांना पाणी द्यावे; ओली माती ऊब धरते. आणि दव गोठलेल्या हिरवळीवर कोणीही, अगदी कोणीही, पाऊल टाकू नये. पाती मोडतात आणि चार-सहा दिवसांनी तिथे तपकिरी ठसा उठतो.

३. आता मुद्द्याचे. अकरा हिवाळ्यांपूर्वी भाऊ अंगणातल्या नळाच्या पाइपातले पाणी काढायला विसरला. स्वतः प्लंबर असून! पाइप फुटला, पाणी आईने लावलेल्या गुलाबाच्या आळ्यात साचून गोठले आणि गुलाब गेला. वर हा म्हणाला, “झाडच होतं ना, ताई!” तेव्हापासून आमचे बोलणे बंद.

गेल्या सोमवारी सगळे गोठले. सकाळी पाहते तर नळाला गोणपाट गुंडाळलेले. मला वाटले शेजारच्या मास्तरांनी केले. मी आभार मानले, लोकरीची टोपी दिली. “अहो, त्यात काय एवढं,” म्हणून मास्तरांनी आभार पचवले आणि टोपीही घातली.

आज हिरवळीवर ठसे उठले. फाटकापासून नळापर्यंत, नळापासून माझ्या दारापर्यंत, आणि दारातून परत. डावे पाऊल नीट, उजवे फरफटलेले. शिडीवरून पडल्यापासून असे चालणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

मी फोन लावला. “गाढवा, दारापर्यंत येऊन बेल का नाही वाजवलीस?”

तो म्हणाला, “वाजवणार होतो. मागे वळून बघितलं तर हिरवळीवर माझी पावलं. म्हटलं, आता ही गुलाबाचं राहू देईल, आधी यावरून झोडपेल.”

“झोडपणारच आहे. ये इकडे!”

४. सबब, पुढची-मागची बाग, खुरपी, कात्र्या आणि झाडांना झगे चढवण्याचे काम भावाला. तो असेपर्यंत बागेत त्याचाच शब्द चालेल. गुलाबाची रिकामी जागा अकरा वर्षे मी कोणाला भरू दिली नाही. ती त्याने भरावी. काय लावायचे ते त्याने ठरवावे. मी बोलणार नाही. (प्रयत्न करीन.)

५. मास्तरांनी टोपी परत करू नये. मात्र हे कलम वाचून साक्षीदार म्हणून सही करावी.

६. ठशांवर नवे बी टाकू नये. वसंतात गवत आपोआप भरेल, तेव्हा भरू द्यावे. मला ते जपायचे नाहीत. ज्याला लाभ मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकीलबाई सांगतात. म्हणून पावलांचा धनी सध्या बाहेर पायरीवर बसून गुलाबाचे आळे मोजतो आहे.

सही: ताई

साक्षीदार: शेजारचे मास्तर (टोपीसह), समोरच्या डॉक्टरीणबाई

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल, जिथून पायरी दिसते
दिनांक: सगळे गोठले त्यानंतरचा शनिवार, ऊन उतरायला तासभर बाकी. इथेच थांबते. झगे चढवायचे आहेत आणि आज दोघे आहोत.