डाव्या बाजूला कोण?

नेस, लुईस बेट
२१ नोव्हेंबर

प्रिय फिनले,

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. आईला गुरुवारी पोचवलं. वारा होता, पाऊस नव्हता. ती म्हणाली असती, "एवढं पुरे."

तुझी मर्डिनावहिनी दमली आहे. तीन दिवस घर माणसांनी भरलेलं, चहाची किटली एकदाही थंड झाली नाही. बसगाड्या चालू आहेत. एका खटारा व्हॅनवरून तीन बसगाड्यांपर्यंत आलो, पण आता स्वतः चालवता येत नाही. मागच्या सीटवर बसतो आणि गिअर करकरला की ओरडतो. केनी ड्रायव्हर म्हणतो, "मालक, तुमचा तोल गेला, मग कान कसे शाबूत राहिले?"

डोक्याला मागे मार बसला, तिथेच म्हणे माणसाचा तोल असतो. दोन वर्षं झाली, मी डावीकडे कलतो. समोरचा एखादा खांब नजरेनं धरला तर उभा राहतो. डोळे मिटले की संपलं. दुकानापाशी म्हातारा डॉनल विचारतो, "सकाळीच घेतलीस का रे?" मी म्हणतो, "तुझ्यासाठी उरवली नाही, म्हणून जळतोस?" सगळे हसतात. मीही.

आईला खांदा द्यायचाच होता. ती अंथरुणाला खिळली तेव्हापासून, सप्टेंबरपासून, मी शिडीवर कोळशाची पोती बांधून, पुढचं टोक माझ्या खांद्यावर आणि मागचं केनीच्या, असा गॅरेजमध्ये चालत होतो. बारा पावलं जमायला लागली होती. बारा झाली की खांदा बदलायला पुढची जोडी येतेच. आई आतून विचारायची, "मर्डिना, हा कोण परका चालतोय गं?" पोटच्या पोराची चाल तिला ओळखू येईना.

गुरुवारी पाद्रीबाबांनी प्रार्थना घेतली. त्यांची प्रार्थना तुला माहीत आहे, उभ्यानं आणि लांबलचक. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे उघडे. नजर खिडकीतून आपल्या फाटकाच्या खांबावर लावली होती.

खांबाशेजारी तू उभा होतास. राखाडी कोट, टोपी हातात.

अख्खी प्रार्थना मी खांब सोडून तुला धरून काढली. 'आमेन'च्या जरा आधी तू वळलास, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सगळ्यांनी डोळे उघडले तेव्हा रस्ता रिकामा.

अंगणात केनीनं विचारलं, "डाव्या बाजूला कोण?" उजवीकडे थोरला, डावीकडे धाकटा, हे काय विचारायचं असतं? मी म्हटलं, "थांबा जरा." थांबले बिचारे. शेवटी पाद्रीबाबा हळूच म्हणाले, "टॉर्किल, फिनलेला जमलं नसेल."

"नसेल," मी म्हणालो.

डावीकडे केनी उभा राहिला. तो माझ्यापेक्षा वीतभर बुटका. मी कललो की भार डावीकडे जातो, आणि तिथे तुझ्या उंचीचा माणूस हवा होता. नवव्या पावलाला मी पडलो. पेटी तिरकी झाली, लोकांनी झेलली. पण आत काहीतरी सरकलं. तो आवाज फक्त मी ऐकला. अजून ऐकतोय.

डॉनलसुद्धा गप्प बसला, तेव्हा मला माझी अवस्था कळली.

आता दोन वर्षांपूर्वीचं. बंदरात शेवाळावरून पाय घसरला, असं मी पोलिसांना सांगितलं, मर्डिनाला सांगितलं, आईलाही. त्या दिवशी तिथे शेवाळ नव्हतं. मी धक्क्यावर पडलो, असं गाव म्हणतं. मी धक्क्यानं पडलो, हे आपल्या दोघांनाच माहीत. मी तुला ऐतखाऊ म्हणालो होतो, तेही चूकच. पण तुझे दोन पंजे अजून माझ्या छातीवर आहेत.

ते खोटं आईसाठी होतं. ती गेली. 'नसेल' हे दुसरं, तुझ्यासाठी. तिसरं माझ्याकडून होणार नाही.

तू ये. घरापासून कबरीपर्यंत माझ्या डावीकडून चाल, मग मर्डिनाला तुझ्या तोंडानं सांग. नाताळपर्यंत आला नाहीस तर मी सांगेन. त्यानंतर फाटकापर्यंतसुद्धा येऊ नकोस.

अजून तरी तुझा भाऊ,
टॉर्किल