शेवटच्या दिवसाची हजेरी

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा पाय कसा आहे ते आधी कळव. आईने लिहिलंय की प्लास्टरच्या आत खाज सुटली की तू बाबांची मोजपट्टी घालून खाजवतेस. डॉक्टरांना कळलं तर त्याच पट्टीने मारतील.

तुझी खोली मी नीट ठेवली आहे, तुझा वर्गही. ज्या स्टुलावर चढून तू नकाशा टांगत होतीस आणि पडलीस, ते स्टूल अजून तिथेच आहे, एक पाय आखूड, डुलतंय. मी शिपाईकाकांना सांगितलं, त्यांनी मोठ्या बाईंना सांगितलं. मोठ्या बाई म्हणाल्या, त्यावर चढू नका म्हणजे झालं.

आता खरं सांगते, माझं डोकं ठिकाणावर नाही. शाळा उघडल्यापासून मी इथे बदली बाई. आधी गणिताच्या बाईंच्या जागी, आणि त्या रजेवरून परत आल्या तोवर तू पाय मोडून घेतलास म्हणून तुझ्या जागी. बदलीला पगार तासावर, आणि नुकती पास झालेली म्हणून त्यातही नवखीचा दर. तेही चालेल म्हटलं. पण काल कारकुनाने माझे तास कापले. का, तर सकाळी संस्थेचे अध्यक्ष भाषणाला आले आणि पहिले दोन तास झालेच नाहीत. मुलांना रांगेत उभं कोणी केलं, मी. उन्हात चक्कर आलेल्या मुलीला पाणी कोणी पाजलं, मी. कारकून हसून म्हणतो, शिकवलं नाही ना. वह्या तपासणं, मधल्या सुट्टीत मैदानावर उभं राहणं, पालकांची बोलणी खाणं, हे सगळं माझ्याकडून फुकट. शेजारच्या वर्गात भूगोलाच्या बाई तेच करतात आणि महिना भरला की पगार घेतात. त्यांचा मला राग नाही. राग आला तो कारकुनाच्या हसण्याचा.

वर्ष सलग भरलं की नवखीचा दर सुटतो, एवढ्या आशेवर दिवस ढकलते आहे. तुझा लोभ आहेच, या चिडक्या बहिणीवरून तो उतरू देऊ नकोस.

तुझी
लवंगी


ता. १५ फेब्रुवारी

चि. लवंगीस अ. उ. आ.

तुझं पत्र बाबांनी मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, हिला आपण लवंगी म्हणतो ते उगीच नाही. आई म्हणाली, तिखटपणा बापाकडून आलाय. मग दोघांचं जुंपलं आणि माझी सकाळ मजेत गेली. कुबड्या घेऊन मी आता फाटकापर्यंत जाते. तिथे उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना पाय कसा मोडला ते सांगते. दर वेळी स्टूल थोडं उंच होतं.

कारकुनाशी भांडू नकोस, त्याच्या हातात काही नाही. मोठ्या बाई मनाच्या वाईट नाहीत गं. मी पडले तेव्हा त्यांनीच स्वतःच्या गाडीत घालून मला दवाखान्यात नेलं, डॉक्टर येईपर्यंत हात धरून बसल्या. नवीन असताना सगळ्यांनाच सोसावं लागतं. तू काम करत राहा, चांगल्या कामाकडे कुणाचं तरी लक्ष जातंच. आणि खिडकीजवळच्या दोघी मैत्रिणींना वेगळं बसवू नकोस. त्या बडबडतात खऱ्या, पण एकमेकींशिवाय त्यांना गणित सुटत नाही.

जेवणाची हयगय करू नकोस. आमची माया तुझ्या पाठीशी आहे, आठवड्याला एक पत्र टाकून ती ताजी ठेव.

तुझी
ताई


ता. ४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

चांगल्या कामाकडे लक्ष जातं म्हणालीस. गेलं. गेल्या आठवड्यात मला सणकून ताप होता. घरी राहिले तर वर्ष सलग राहत नाही, म्हणून तापातच उभी राहून शिकवलं. मोठ्या बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, अशी जिद्द हवी. मग खेळांचे सामने झाले. दिवसभर मैदानावर शिट्टी फुंकून माझा घसा बसला. त्या दिवसाचे तास शून्य. मी तक्रार केली तर बाई म्हणाल्या, पैशाकडे बघू नकोस, तुला अनुभव मिळतोय. हा अनुभव घेऊन किराणा दुकानात जाते आणि त्यात साबण किती येतो ते बघते.

कोपऱ्यावरचा कापडवाला मला गल्ल्यावर बसायला बोलावतोय. पगार इथल्यापेक्षा जास्त, आणि वर बसायला खुर्ची. शिकवणं मला आवडतं ताई, नाहीतर एव्हाना गेलेही असते. वर्ष सलग भरलं तर राहीन. नाही भरलं तर कापड मोजेन, हे नक्की.

बाबांना माझा घसा बसला ते सांगू नकोस, खूश होतील. मनात जागा राहू दे.

तुझी
लवंगी


ता. ८ एप्रिल

चि. लवंगीस अ. उ. आ.

आज एक आनंदाची बातमी. प्लास्टर निघालं. पाय पडवळासारखा दिसतोय, पण माझाच आहे. आणि दुसरी त्याहून मोठी. मोठ्या बाईंचं पत्र आलंय. माझी पगारी रजा संपत आली आहे, म्हणून त्यांनी लिहिलंय की वर्षाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे तीस तारखेला, एक दिवस येऊन हजेरी लावून जा. म्हणजे लांब सुट्टीचा माझा पूर्ण पगार सुटेल. तसं आपल्या शाळेत सगळ्याच रजेवरच्या बाई करतात. शेवटच्या दिवशी येतात, सगळे फुलं देतात, मुलं गळ्यात पडतात आणि लगेच सुट्टी.

माझ्या औषधपाण्याला तो पगार हवाच होता. शिवाय आपली भेट होईल, आणि संध्याकाळी दोघी मिळून इकडे येऊ. मुलांना मात्र सांगू नकोस, मला त्यांचे चेहरे बघायचे आहेत.

तुझ्या भेटीसाठी जीव टांगून बसलेली
ताई


ता. १२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, घडी केली, पुन्हा उघडून वाचलं. तुला खरंच कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं?

मग मी सांगते. तीस तारखेला तू वर्गावर आलीस तर मी त्या वर्गावर नसेन. शेवटच्या दिवशी आणि शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी जी बदली बाई वर्गावर असते, तिला सुट्टीचा पगार मिळतो आणि तिचं वर्ष सलग धरतात. जी नसते तिचं वर्ष तुटतं. ती पुन्हा नवखी. तुझा पगार वरून, सरकारकडून येतो, माझा शाळेच्या खिशातून. तू एक दिवस आलीस की शाळेचे माझे दोन महिने वाचतात. बदली बाई त्यांना पुढच्या वर्षीही लागणारच आहे, फक्त ती नवखीच्या दरात हवी. गणिताच्या बाईंनी हेच केलं असतं, भूगोलाच्या बाईही हेच करतील. पण त्या माझ्या कुणी लागत नाहीत.

काल मोठ्या बाईंनी मला बोलावून गोड आवाजात सांगितलं की तीसला तू येऊ नकोस, तुझी ताई येते आहे, तुला आनंद झाला असेल ना. माझ्या अंगाची लाही झाली आणि मी मान हलवली. तापात उभी राहिले ते हे ऐकायला. तुझ्या मुलांच्या वह्या तुझ्याच टेबलावर बसून तपासल्या आणि शेवटी माझ्या हातावर तुरी कोणी दिल्या, तर तू.

तुझ्या औषधांचे पैसे मला कळतात. म्हणून येऊ नकोस असं लिहीत नाही. ये. फुलं घे. मी सामान बांधून ठेवते. कापडवाल्याला हो म्हणणार आहे. उत्तराची घाई नाही.

लवंगी


ता. १७ एप्रिल

चि. लवंगीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून ताई नीट जेवलेली नाही. पत्र तिने मला दाखवलं नाही, पण तुमचं काहीतरी बिनसलंय हे कळायला मला पत्र कशाला हवं. मी विचारलं तर म्हणाली, तुझी धाकटी बरोबर बोलते आहे आणि म्हणूनच मला तिचा राग येतो. बाबांनी तिला तिथे जाणाऱ्या एसटीची वेळ विचारून दिली. आदल्या दिवशीच निघते म्हणते. काय करणार ते सांगत नाही. मी कुणाच्याच बाजूची नाही, पण ती आली की तिला आधी जेवायला वाढ, मग भांड.

दोघींवर सारखाच जीव असलेली
आई


ता. १ मे

ती. सौ. आईस शि. सा. न.

आम्ही आठवड्याने निघतो आहोत. काल काय झालं ते आधीच लिहिते, कारण समोर बसून सांगताना मला पुन्हा राग येईल आणि बाबांचा रक्तदाब वाढेल.

मी पोचले तेव्हा लवंगीचं सामान दाराशी बांधून ठेवलेलं होतं. तिने तुझं ऐकून मला आधी जेवायला वाढलं. सकाळी मी तिला म्हटलं, साडी नेस, शाळेत जायचंय. ती म्हणाली, मला बोलावलेलं नाही. मी म्हटलं, मी बोलावते आहे, कुबड्यांनी जिने चढताना मला कुणीतरी हवं. एवढं ऐकून आली.

शिक्षकांच्या खोलीत फुलं होती, खुर्ची होती, समोर हजेरीपट उघडून ठेवलेला होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं की मी मुलांना भेटायला आले आहे, सही करायला नाही. मोठ्या बाई आधी हसल्या. मी पेन उचललं नाही तेव्हा हसायच्या थांबल्या. मी सरळ वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसले आणि पाय त्या स्टुलावर ठेवला. ते डुलायला लागलं, तर माझ्या मागोमाग आलेल्या भूगोलाच्या बाईंनी खाली डस्टर सरकवलं. लवंगी दारातच उभी होती, चेहरा लालबुंद. मी तिला सांगितलं की एवढं भाडं खर्चून मी तुझा तास बघायला आले आहे, सुरू कर. मुलं वळून वळून माझ्याकडे बघत होती. तिने त्यांना दटावलं, आणि मलाही म्हणाली, कुबड्या वाटेतून काढा. आई, ती फार छान शिकवते. तिने माझ्याच नकाशावर नदी दाखवली आणि मीसुद्धा ऐकत राहिले.

मोठ्या बाई दारापर्यंत आल्या आणि मुलांसमोर बोलता येईना म्हणून गेल्या. नंतर ऑफिसात म्हणाल्या, दोन महिने बिनपगारी जातील, विचार करा, मी तुमच्या भल्यासाठीच सांगत होते. मी म्हटलं, विचार करूनच आले आहे. पाय मोडला तेव्हा त्यांनी मला गाडीतून नेलं याचं मला इतके दिवस कौतुक होतं. त्या गाडीचं भाडं त्या माझ्या बहिणीकडून वसूल करत होत्या, तेही माझ्या हातून. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि माझा आवाज व्हरांड्यात गेला. जाऊ दे. कुणाचीच सही नसली तर वर्ग भरला नाही असं दिसतं, आणि ते वर दाखवणं त्यांना परवडत नाही. शेवटी त्यांनी हजेरीपट लवंगीकडे ढकलला. तिने सही केली, कागद फाटेल इतकी दाबून.

निघताना मोठ्या बाई म्हणाल्या की सुट्टी संपेपर्यंत तुमचा पाय ठणठणीत होईल, तेव्हा पहिल्या दिवशी वेळेवर या. त्यांचा डाव मला कळला आणि लवंगीलाही कळला. मी त्यांना तिथेच सांगून टाकलं की शाळा उघडेल त्या दिवशी माझा पाय फार दुखणार आहे. दुसऱ्या दिवशी बरा होईल.

बाबांना नमस्कार. आमच्यासाठी माया राखून ठेव, दोघी एकदम येतो आहोत.

तुझी
थोरली