गाडीची भाषा आणि आईचा भंडारा

शनिवार, ता. ९

आदरणीय धनाजी दाजी यांना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे बिरदेवचा, जतहून वाकून नमस्कार. तुमची पाठदुखी कशी आहे? मायाताई आमच्यावर रागावली नसेल अशी आशा करतो. आम्ही इकडे जिवंत आहोत, याहून जास्त कळवण्यासारखं काही नाही. (फोनच केला असता, पण आई शेजारून उठत नाही.)

आईच्या मोतीबिंदूसाठी तुम्ही गाडी दिलीत. तीन वर्षं नाही-नाही म्हणणारी ही बाई केवळ जावयाच्या गाडीतून जायला मिळणार म्हणून सांगलीच्या ऑपरेशनला तयार झाली. अठरा तारीख, सोमवार. आणि उंब्रजहून गाडी आणताना माझं नशीब आडवं आलं. पहिल्याच चढाला इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी बैलगाडीच्या चालीने चालू लागली. (तुमच्याकडे हा दिवा कधी लागला नव्हता, हे तुम्ही म्हणण्याआधीच मान्य करतो.)

कुपवाडला गॅरेजात असणारे आमच्या वस्तीतले इंद्रजित मिस्त्री गुरुवारी सुट्टीला स्कॅनर घेऊन आले. स्टेअरिंगखाली सोळा भोकांचं सॉकेट असतं, त्यात वायर खुपसली की गाडी आपलं दुखणं सांगते म्हणे. आपल्या गाडीने काही सांगितलं नाही. पडद्यावर 'संपर्क नाही' एवढंच. मिस्त्री आईसमोरच म्हणाले, गाड्यांच्या भाषा वेगवेगळ्या असतात, ही जुन्या-नव्याच्या सांध्यावरची गाडी, आणि हिची भाषा कळल्याशिवाय दुरुस्ती नाही. उपाय म्हणे सोपा. कुठल्या भोकात पितळ आहे ते बघायचं. सातव्यात असेल तर जुनी भाषा, सहाव्यात आणि चौदाव्यात असेल तर नवी. तेवढ्यात त्यांना कुपवाडहून बोलावणं आलं आणि हे सोपं काम माझ्या गळ्यात पडलं.

शुक्रवारी सकाळी मी पाय सीटवर आणि डोकं पेडलपाशी असा उलटा शिरलो. बघतो तर सोळाच्या सोळा भोकं भंडाऱ्याने भरलेली! मला वाटलं, तुम्ही बिरोबाच्या यात्रेला गाडी नेली असेल, उधळताना आत गेला असेल. (देवाला दोष देणार कसा?) जुन्या टूथब्रशने दोन तास खरवडत होतो. नाकात हळद, सारख्या शिंका, आणि प्रत्येक शिंकेला डोकं स्टेअरिंगवर. शेवटी फोनवर कळवलं, दोन नंबरच्या भोकात पितळ आहे. मिस्त्री म्हणाले, "ही तर अमेरिकेच्या गाड्यांची भाषा हाय. तुझ्या दाजींनी गाडी आनली तरी कुठनं रं?" मी उलटा लटकून उलट्या बाजूने मोजत होतो, हे कळायला मला अख्खा दिवस लागला.

आज मिस्त्री स्वतः आले. वाकून बघतात तर सॉकेट पुन्हा पिवळंजर्द, काठोकाठ, एकही भोक सुटलेलं नाही. एका रात्रीत काही यात्रा भरली नव्हती. आईच्या पिशवीत टोकाला हळद लागलेली काडी सापडली. डाळीतला खडा दिसत नाही म्हणून जिने स्वयंपाक सोडला, तिने सोळा भोकं चाचपून भरली होती! विचारलं तर म्हणाली, "गाडी बोलली तर नीट व्हईल, आन नीट झाली की मला न्हेशीला. आता अंधुक का हुईना दिसतंय. त्येबी गेलं तर काय करू रं?" दाजी, तीन वर्षं मी तिला हट्टी समजत होतो. ती नुसती घाबरली होती.

आपला हताश,
बिरदेव

ता. क. गाडी ठीक आहे. पितळ सातव्यात निघालं, भाषा जुनी, पेडलजवळची एक वायर सैल होती. पाच मिनिटांचं काम. पत्र त्यासाठी नाही. आई माझं ऐकत नाही, पण जावयासमोर पदर सावरून 'व्हय'शिवाय दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही. अठराला तुम्ही स्वतः या आणि "आत्ती, बसा गाडीत" एवढंच म्हणा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना आईने पकडलं आणि माझ्याकडून सगळं पत्र वाचून घेतलं. गाडीत बसते म्हणाली. (काडीचं लिहायची काय गरज होती, असंही म्हणाली.) एवढंच लिही म्हणते, "मायाला संगं आना म्हनावं. आत न्यायच्या आदी लेकीचं त्वांड एकदा जवळनं बघून घेते."